नानांची पद्मिनी आणि मुका इंडिकेटर

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "सुनबाई, ही आता तुमच्याकडे. मी काही चालवणार नाही."

एवढंच बोलले आणि आपल्या खोलीत जाऊन पडून राहिले. दूधसुद्धा घेतलं नाही. आमच्या घरात ही काही साधी गोष्ट नव्हती, मैत्रिणींनो! नाना म्हणजे माझे सासरे, वय वर्षं चौऱ्याहत्तर, बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. आणि गाडी म्हणजे त्यांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी, मोतिया रंगाची. माझ्या लग्नात मी ह्याच गाडीतून सासरी आले. माझ्या मुलाला दवाखान्यातून घरी आणलं तेही हिच्यातूनच. नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळे 'पद्मिनीवाले नाना' म्हणूनच त्यांना ओळखतात.

झालं होतं ते असं. नाना देवळातून परत येत होते. आधीच्या चौकात डावीकडे वळताना त्यांनी इंडिकेटर दिला आणि वळल्यावर तो बंद करायचा राहून गेला. पुढे दोन गल्ल्या ते सरळच आले, पण डावा दिवा आपला लुकलुकतोच आहे. डाव्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई स्कूटरवर उभ्या होत्या. त्यांना वाटलं, ही गाडी आत वळणार, म्हणून त्या निघाल्या. नाना काही वळायचे नव्हते. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी लागली नाही, पण बाई स्कूटरसकट आडव्या झाल्या. तळहात सोलपटले, गुडघ्याला खरचटलं. मागे शाळेचं दप्तर घेतलेली सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. तिला काही झालं नाही, ही देवाची कृपा. नानांनी त्या दोघींना आमच्याच डॉक्टरांकडे नेलं, मलमपट्टी करवली, घरी सोडलं आणि मग येऊन किल्ली फ्रिजवर ठेवली.

रात्री हे म्हणाले, "मी दोन वर्षं सांगतोय, त्यांना ऐकू येत नाही. इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली असती तर बंद नसता का केला? विकून टाकू आता. भंगाराच्या भावात का होईना."

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. नानांना कमी ऐकू येतं हे खरं. कानाचं यंत्र आणलेलं आहे, ते कपाटाच्या खणात डबीत सुखाने नांदतंय. पण दारावरची बेल त्यांना ऐकू येते, कुकरच्या शिट्या ते माझ्याआधी मोजतात. आणि समजा टिकटिक ऐकू आली नाही, तरी डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एक छोटा हिरवा दिवा असतो की! तो का दिसला नाही? मी नानांना विचारलं तर ते ओशाळून म्हणाले, "दिसत नाही खरा. डोळेही गेले असतील." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पेपरातलं बारीक टायपातलं शब्दकोडं ते रोज सोडवतात.

आता माझं शिक्षण म्हणाल तर बी. ए., विषय मराठी आणि इतिहास. शाळेत अर्धवेळ शिकवते तेही तेच. विजेचा आणि माझा संबंध फ्यूज उडाला की वायरमनला फोन करण्यापुरता. पण त्या रात्री झोप लागेना. सकाळी उठून मुलाचं सातवीचं विज्ञानाचं पुस्तक घेतलं आणि विद्युतधारेचा धडा वाचून काढला. मुलाला फारच मजा वाटली. तो म्हणाला, "आई, प्रश्न विचारू का खालचे?"

ह्या गाडीविषयी थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी ती असेल किंवा निदान टॅक्सी म्हणून तुम्ही तिच्यात बसला असाल. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ ह्या लांबरुंद गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ च्या सुमारास फियाट ११०० डिलाइट आली, तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. गाडी तीच, नाव आपल्याकडच्या राणीचं. इंजिन १०८९ सीसीचं, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. नाना लोकलने बँकेत जाता-येता कुर्ल्याला खिडकीतून मान बाहेर काढून बघत असत म्हणे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस. २००० सालच्या आसपास उत्पादन थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवशी नानांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. खाजगी गाडीचं तसं नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते. आमची २०२२ मध्ये झाली आहे, आता २०२७ ला पुन्हा.

तर मी किल्ली उचलली आणि रविवारी मुलाला घेऊन खाली उतरले. त्याला मागे उभं केलं, स्वतः सीटवर बसले आणि डावा इंडिकेटर लावला. मुलगा ओरडला, "लागला!" पुढचाही लागला, समोरच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडत होता. पण आत? आत अगदी सामसूम. मी काचा वर केल्या, पंखा बंद केला, स्टिअरिंगखाली कान नेला. टिक नाही की टक नाही. आणि तो हिरवा दिवाही लागत नव्हता. माझे कान शाबूत आहेत, डोळेही आहेत. मला ऐकू येत नव्हतं, मला दिसत नव्हतं, मग नानांना कुठून दिसणार?

मी तशीच वर आले आणि ह्यांना हाताला धरून खाली नेलं. हे पाच मिनिटं त्या दांड्याशी खटपट करत बसले. मग हळूच म्हणाले, "अगं, दोन वर्षांपूर्वी मी ते एलईडी दिवे बसवून आणले ना…"

तेच तर. गणपतीच्या सुमारास ह्यांनी हौसेने एका दुकानातून सगळे इंडिकेटर एलईडीचे करून आणले होते. उजेड जास्त, बॅटरीवर ताण कमी. नानांना बरं वाटावं म्हणूनच केलं होतं. दुकानदाराने नक्की काय केलं, हे आम्हांला तुर्भ्याला गेल्यावर कळलं.

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पद्मिनी टॅक्सींच्या वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला, टेप गुंडाळलेलं वायरीचं एक लोंबतं टोक बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ये देखो भाभी. दिव्याची वायर. दोन साल से इधर ही लटकतेय."

चाचांनी समजावलं ते इतकं सोपं होतं की मी वर्गातल्या मुलींनाही नंतर सांगितलं. इंडिकेटर लुकलुकतो तो फ्लॅशर नावाच्या छोट्या डबीमुळे. आपल्या इस्त्रीत जशी दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते, तापली की वाकते आणि प्रवाह तुटतो, तसाच प्रकार. जुन्या फ्लॅशरमध्ये बल्बचा प्रवाह त्या पट्टीजवळून जातो, पट्टी तापते, वाकते, दिवा विझतो. थंड झाली की सरळ होते, पुन्हा लागतो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे त्या पट्टीचंच वाकणं-सुटणं. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे ४२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. ४२ ला १२ ने भागा, साडेतीन अँपिअर. एवढा प्रवाह असला तर पट्टी तापणार. एलईडी घेतो अगदी थोडा प्रवाह, त्याने पट्टी तापतच नाही आणि दिवा नुसता लागून राहतो. म्हणून दुकानदाराने जुनी डबी काढून नवी इलेक्ट्रॉनिक बसवली होती. ही नवी डबी आवाज करत नाही. शिवाय जुनीला तीन पाय होते: एक बॅटरीकडून येणारा, एक दांड्याच्या स्विचकडे जाणारा आणि तिसरा त्या हिरव्या दिव्याचा. नवीला दोनच. तिसऱ्या वायरीला जागा नाही, तिला टेप गुंडाळून दिलं सोडून!

म्हणजे दोन वर्षं माझे सासरे मुक्या आणि आंधळ्या इंडिकेटरवर गाडी चालवत होते आणि आम्ही दोष देत होतो त्यांच्या कानाला. परत येताना हे वाशीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. बोलायचं पुष्कळ मनात होतं.

मुलाने ह्या दरम्यान भलताच शोध लावला होता. साठच्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांना इंडिकेटरचा इशारा देणारे छोटे दिवे चक्क बॉनेटवर असत. बॉनेटला हवा घ्यायला असते तशी खोबण किंवा तिचा देखावा, आणि तिच्या मागच्या बाजूला ड्रायव्हरकडे तोंड करून दिवा. १९६७ च्या फोर्ड मस्टँगला आणि १९६८ च्या डॉज चार्जरला ते होते. डाव्या बाजूचा डावा, उजव्याचा उजवा. रस्त्यावरची नजर न काढता समोरच दिसतो. "आजोबांच्या गाडीला तेच लावू या!" कल्पना मला फारच आवडली. शिवाय डॉज म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याचं पहिलं घराणं, तेव्हा अगदी परकीही नव्हे.

चाचांनी चित्र पाहिलं, हसले, आणि साफ नाही म्हणाले. वायरिंग काही अवघड नाही, पुढच्या इंडिकेटरच्या वायरीतूनच फाटा काढायचा. पण बॉनेटच्या पत्र्याला भोक? त्या अमेरिकन गाडीला खोबण कारखान्यातूनच होती, आपल्या पद्मिनीचा बॉनेट गुळगुळीत. इथली खाडीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस; भोकाच्या कडेने गंज धरला की दोन पावसाळ्यांत पत्रा चाळणी. बॉनेट रोज उघडतो-मिटतो, तिथे वायर वाकून वाकून तुटणार, उघडी पडली तर पत्र्याला टेकून शॉर्ट होणार. आणि बाहेरून मनाचे दिवे लावले की आरटीओच्या तपासणीत वेगळाच घोळ. नोंदणीत जशी गाडी आहे तिच्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्यातच आहे.

मुलाचं तोंड पडलं. मग मीच विचारलं, "चाचा, बॉनेटवर नको, पण काचेच्या आत, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला डावीकडे एक आणि उजवीकडे एक लावला तर?" चाचा क्षणभर थांबले. "हे होईल," म्हणाले.

त्यांनी काम केलं ते मी शेजारी टॉर्च धरून बसून पाहिलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. कामाला हात लावण्यापूर्वी हीच आधी सोडायची, म्हणजे पान्हा कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग एलईडी काढून पुन्हा २१ वॅटचे साधे बल्ब आणि तीन पायांची जुन्या पद्धतीची डबी. हिरव्या दिव्याची वायर जागेवर गेली. तो दिवा लागला तेव्हा मला दिवाळीत पहिली पणती लावल्यासारखं वाटलं. पण भर उन्हात तो फिकाच दिसतो, आणि डाव्या-उजव्याला तो एकच, म्हणून मी माझे दोन दिवे काही सोडले नाहीत. दोन वॅटचे दोन बारके बल्ब, त्यांची एकेक वायर दांड्यापासून पुढच्या डाव्या आणि उजव्या इंडिकेटरकडे जाणाऱ्या वायरींना जोडली. कुठली डावी आणि कुठली उजवी, हे अंदाजाने नाही. दोन तारा लावलेला एक बल्ब घेऊन, थोडा वेळ बॅटरी जोडून चाचांनी एकेक वायर तपासली. जोड नुसता पिळून टेप लावला नाही, डाग दिला आणि वर नळी चढवली. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची चकती.

बल्बची दुसरी वायर बॅटरीकडे परत न जाता गाडीच्या पत्र्यालाच जोडतात, हे मला ठाऊक नव्हतं. गाडीचा सगळा सांगाडा हाच परतीचा रस्ता. त्याला अर्थ म्हणतात. आणि जुन्या गाडीतले निम्मे रोग ह्या अर्थचेच. होल्डर गंजला की प्रवाहाला परत जायला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा फडफडतो, आणि आपण म्हणतो गाडीत भूत शिरलं. आमच्या मागच्या डाव्या होल्डरची हीच गत होती. चाचांनी पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आपण हिवाळ्यात ओठांना लावतो तीच. सगळं मिळून साडेआठशे रुपये झाले, त्यातले दोन चहाचे.

तुमच्या दाराशी जुनी-नवी कुठलीही गाडी असो, एक गोष्ट दर महिन्याला जरूर करा. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून इंडिकेटर लावा आणि घड्याळ लावून दहा सेकंद मोजा. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा, म्हणजे दहा सेकंदांत दहा ते वीस. एकीकडची लय दुसरीकडच्यापेक्षा वेगळी वाटली, किंवा दिवा न लुकलुकता लागून राहिला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याचा संभव फार. काचेच्या आत पाणी साचलेलं दिसलं तर रबर बदलून घ्या. आणि फ्यूज उडाला म्हणून कुणी चांदीचा कागद गुंडाळून देऊ लागला तर त्याला हात लावू देऊ नका; फ्यूज वितळतो तो वायर जळू नये म्हणून. कुठलाही दिवा बदलून घेतलात की पैसे देण्यापूर्वी आत बसून पाहा, ऐका. आमच्याकडे ही दोन मिनिटं कुणी दिली नव्हती.

आता राहिले नाना. गाडी दुरुस्त झाली तरी किल्ली फ्रिजवरच. मी सगळं सांगितलं, वायरीचं ते टोक दाखवलं. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि म्हणत, "पण दिवा लागत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं ना? दोन वर्षं मी समजत होतो की माझंच काहीतरी बिघडलंय. विचारलं नाही कुणाला." ह्यावर मला काही बोलता आलं नाही. घरात म्हातारं माणूस का विचारत नाही, ते त्यांना आणि आम्हांला दोघांनाही ठाऊक होतं. हे तेव्हा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "नाना, चूक माझी. मी न बघता आणली गाडी." आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, हे वडिलांना असं काही म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आठवड्याने नाना स्वतःहून त्या स्कूटरवाल्या बाईंकडे गेले. चालत. बरोबर केळी आणि मुलीसाठी रंगपेटी. त्या बाईंनी चहा केला. "तुमच्या गाडीत माझे वडीलही बसायचे," असं काहीसं बोलणं झालं म्हणे.

मग एका रविवारी पहाटे सहाला किल्ली फ्रिजवरून हलली. नाना गाडीत, शेजारी मी, मागे मुलगा. पाम बीच रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नसतं, फक्त फिरायला आलेली माणसं. सिग्नलला आत वळताना नानांनी दांडा खाली केला. काचेच्या कडेला माझा दिवा लुकलुकायला लागला आणि खालून टिक-टिक, टिक-टिक. गाडी वळली, सरळ झाली. दांडा आपोआप वर यायला हवा, तो जुनेपणामुळे येत नाही. मी श्वास रोखून बसले, काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चार सेकंद गेले असतील. नानांनी समोर बघतच हात नेला आणि दांडा वर केला.

"दिसला," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आपणहून दोन अटी घातल्या. अंधार पडल्यावर चालवणार नाही आणि सायन-पनवेल रस्त्याला जाणार नाही. तिसरी मी घातली: कानाचं यंत्र घातल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. त्यावर ते बरंच कुरकुरले. किल्ली अजून फ्रिजवरच असते, पण आता तिच्या शेजारी यंत्राची डबीही असते.